नागपूर–मुंबई हवाई अंतर आणि वेळ : नववी ‘ब’ची प्रकल्प नोंदवही

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्रदर्शन २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी. मागच्या वर्षी ज्वालामुखी होता. त्याच्या मागच्या वर्षीही ज्वालामुखीच होता, फक्त रंग वेगळा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांवर आमच्या शाळेचं विज्ञान बरीच वर्षं तरलं आहे. यंदा मी गणिताकडून काहीतरी करायचं ठरवलं होतं, पण काय ते सुचत नव्हतं. सुचलं ते मधल्या सुट्टीत, दुसऱ्या बाकावरच्या मुलीमुळे. तिचा मोठा भाऊ दिवाळीनंतर पहिल्यांदा विमानाने मुंबईला गेला.

“सर, तिकिटावर दीड घंटा लिहून आहे अन् दादा म्हणते का हवेत एकच घंटा होतो. बाकीचा अर्धा घंटा कुठी गेला?”

हाच प्रकल्प. पाच जणांचा गट केला आणि ही वही घातली. नोंदी मी लिहीन, आकडेमोड मुलं करतील. उत्तर आधी सांगायचं नाही, असं स्वतःला बजावलं आहे.

२७ नोव्हेंबर

पहिलाच तास वादात गेला. नागपूर ते मुंबई म्हणजे कुठून कुठपर्यंत? एकाने रेल्वेचं अंतर आणलं, ८३७ किमी. दुसऱ्याने समृद्धी महामार्गाची लांबी आणली, ७०१. ‘मग खरं कोणतं?’ यावर आवाज वाढले. दोन्ही खरी आहेत. रूळ भुसावळ-नाशिकवरून वळत जातात, महामार्ग त्याहून सरळ काढला आहे आणि तो मुंबईत शिरण्याआधी ठाणे जिल्ह्यात आमण्याला संपतो.

मग मी विचारलं, मुंबईत नेमकं कुठे मोजायचं? आपल्याकडे झिरो माइल आहे. मुंबईतही जुन्या काळी फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल हा शून्य बिंदू धरून मैलाचे दगड बसवले होते. पण विमान ना झिरो माइलवरून उडतं ना चर्चच्या दारात उतरतं. शेवटी ठरलं, विमानतळ ते विमानतळ. आपलं सोनेगाव आणि त्यांचं सांताक्रूझ-सहार. त्यावर मागून शंका आली, “सर, नवी मुंबईचंही झालं न आता?” उद्घाटन ८ ऑक्टोबरलाच झालं आहे. ते नंतर पाहू म्हटलं.

विमानतळांची ठिकाणं नकाशावरून दोन दशांशांपर्यंत घेतली. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांत बरोबर २ अंशांचा फरक, रेखांशांत ६.१८.

१ डिसेंबर, सोमवार

एक अंश म्हणजे १११ किमी एवढं भूगोलाच्या तासाला झालेलं. मुलांनी तेवढ्यावरच पायथागोरस लावला. उभी बाजू २ गुणिले १११, म्हणजे २२२. आडवी बाजू ६.१८ गुणिले १११, म्हणजे ६८६. कर्ण ७२१ किमी.

उत्तर देखणं आहे आणि चुकलेलं आहे. ते मी सांगितलं नाही, फक्त उद्या येताना प्रत्येकाने एक संत्रं आणा म्हटलं. सध्या आंबिया बहार चालू आहे, त्यामुळे आईकडून कुणाला नकार मिळायचं कारण नाही.

२ डिसेंबर

पाच सांगितली होती, अकरा आली. एक सोललं आणि फोड हातात दिली. मध्यावर रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. दोन रेखावृत्तांमधली जागा अशीच असते, विषुववृत्तावर १११ किमी आणि ध्रुवावर शून्य. मग आपल्याकडे किती? मुलगी फोडीकडे बघत बसली आणि म्हणाली, “थोडीशी बारीक.” किती थोडीशी, ते कोसाइन सांगतो. नागपूर-मुंबईच्या मधल्या, म्हणजे सुमारे २०.०९ अक्षांशाचा कोसाइन ०.९३९ येतो. १११ ला त्याने गुणलं की १०४ आणि काहीतरी.

आडवी बाजू ६८६ वरून ६४४ वर आली, कर्ण ६८१ वर. संत्र्याने चाळीस किलोमीटर वाचवले. नववीच्या पुस्तकात त्रिकोणमिती आहे, पण कोसाइन खाता येतो हे त्यांना आज कळलं.

उरलेली संत्री शिक्षकखोलीत गेली.

८ डिसेंबर

आजपासून हिवाळी अधिवेशन. गटातल्या एकाने मुंबईच्या तिकिटाचे भाव बघून ठेवले होते. “सरकार आलं का तिकीट महाग होते सर.” हा निष्कर्ष प्रकल्पात घेणार नाही, पण खोडूनही काढत नाही.

११ डिसेंबर

पायथागोरस सपाट कागदाचा, पृथ्वी गोल. आज गोलावरचं सूत्र फळ्यावर लिहिलं. अर्ध्या फरकांच्या साइनचे वर्ग, मधे दोन कोसाइन, वर्गमूळ, उलटा साइन, दुप्पट, आणि शेवटी पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ ने गुणायचं. सूत्र नववीच्या बाहेरचं आहे, पण त्यातले बहुतेक तुकडे ओळखीचे आहेत.

पहिलं उत्तर मागच्या बाकावरून आलं, ३९,१०६ किमी.

वर्गात शांतता. मग तोच पठ्ठ्या म्हणाला, “सर, विमान मुंबईले उलटीकडून गेलं वाटते.” आणि खरंच, पृथ्वीचा घेर चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे जगाला वळसा घालूनच गेलं म्हणायचं. चूक कॅल्क्युलेटरची सेटिंग, उत्तर अंशांत होतं आणि सूत्राला रेडियन हवे होते. ६.१४ अंश हेच त्रिज्येने गुणले तर असं होणारच. रेडियन अजून शिकवलेले नाहीत, म्हणून साधी वाट काढली. अंश ३६० ने भागायचे आणि घेराने गुणायचं. उत्तर ६८२.५.

पाटीवर ६८३ लिहिलं. सपाट कागदाच्या ६८१ पेक्षा दीडच किलोमीटर जास्त. एवढ्याशा अंतरात पृथ्वीची गोलाई फारशी जाणवत नाही. ती बघायची तर लांब जायला हवं, म्हणून ग्लोबवर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला. तो अटलांटिकवरून आडवा जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. दोरा चढत चढत आइसलँडच्या जवळून, आर्क्टिक वृत्ताच्या थोडा खालून गेला. अंतर साडेबारा हजार किमी. “वाकडं काहून जाते जी?” वाकडं जात नाही, तीच सरळ वाट, आपला भिंतीवरचा नकाशा वाकडा. हे बृहद्‌वृत्त. शब्द वहीत घेतला, उच्चार सगळ्यांचे वेगवेगळे.

एक गंमत मलाही आजच नव्याने दिसली. ६.१४ अंशांच्या कला (अंशाचे साठावे भाग) केल्या, ६० ने गुणून, तर ३६८. आणि ६८३ किमीचे सागरी मैल होतात साधारण तेवढेच. सागरी मैल मुळात एका कलेएवढाच धरलेला, आता तो नेमका १.८५२ किमी. वैमानिक अजून त्यातच मोजतात. इतकी वर्षं गणित शिकवतोय, आणि हे कधी जोडून पाहिलं नव्हतं.

१८ डिसेंबर

वेळेचा भाग सुरू. मुलांचं पहिलं गणित सरळ. जेट विमान ताशी सुमारे ८३० किमी जातं, ६८३ भागिले ८३०, म्हणजे ४९ मिनिटं. तिकिटावर दीड तास. फरक अर्ध्या तासाचा राहिला नाही, चाळीस मिनिटांचा झाला. प्रश्न वाढला.

२६ डिसेंबर

उद्या भाचीच्या लग्नाला डोंबिवलीला जायचं आहे. पहाटेचं विमान. गटाने मला कामाची यादी दिली. घड्याळ बघायचं, झोपायचं नाही, खिडकी मागायची, वैमानिक बोलेल ते लिहून घ्यायचं. बायकोने यादी वाचली आणि लग्नाला कोण चाललंय असं विचारलं.

२७ डिसेंबर, शनिवार (डोंबिवलीत, रात्री)

वेळा जशाच्या तशा :

घर सोडलं ४.०५. विमानाचं दार बंद ५.५८. ट्रॅक्टरने मागे ढकललं ६.०७, म्हणजे ठरल्या ६.१० च्याही आधी. चाकं जमिनीवरून सुटली ६.२१. वैमानिकाने ३४ हजार फूट सांगितलं. साधारण ६.५८ ला इंजिनांचा आवाज उतरला आणि कानात दडे बसू लागले. चाकं टेकली ७.२२. विमान जागेवर उभं ७.३३. तिकिटावरची पोहोचायची वेळ ७.४५, त्यामुळे ‘वेळेच्या आधी पोहोचलो’ अशी अभिमानाची घोषणा झाली. बॅग घेऊन बाहेर ७.५५. मग ऐरोलीवरून टॅक्सी, शिळफाट्याला गाडी जी उभी राहिली ती राहिलीच. मांडवात १०.१०. मुहूर्त चुकला नाही, नाश्ता चुकला.

६८३ किलोमीटरला हवेत ६१ मिनिटं. शेवटच्या पन्नासेक किलोमीटरला सव्वादोन तास.

३ जानेवारी २०२६

परत. विमान अर्धा तास उशिरा. मुंबईत दार लागल्यावर धावपट्टीपर्यंत रांगेत २४ मिनिटं, पुढे चार विमानं मोजली. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. वैमानिकाने या वेळी ३३ हजार फूट सांगितलं. हवेत ५४ मिनिटं. नागपूरला उतरून जागेवर उभं राहायला ६.

७ जानेवारी

वेळांचा तक्ता फळ्यावर. आधी जातानाचे ६१ आणि मुलांचे ४९ यांमधली १२ मिनिटं शोधली.

विमान उडालं की लगेच ८३० ने धावत नाही. ३४ हजार फूट चढायला त्याला वीसेक मिनिटं आणि साधारण २०० किमी लागतात. उतरताना वैमानिकांचा ठोकताळा असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३४ गुणिले ३, १०२ सागरी मैल, म्हणजे १८९ किमी आधीपासून उतरायला लागायचं. मुलांनी वजाबाकी केली आणि थांबली. पूर्ण वेगाने धावायला उरले फक्त २९४ किमी. निम्म्याहूनही कमी! छत्रपती संभाजीनगरच्या आसपास कुठेतरी थोडा वेळ सरळ चालायचं, की मुंबईची उतरण सुरू. त्यात दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किमीच्या वर न्यायचा नसतो. ढोबळ बेरीज अशी : चढण २०, सपाट २१, उतरण २२. त्रेसष्ट. माझं घड्याळ ६१ म्हणालं होतं. वर्गात टाळ्या पडल्या, त्या बहुधा घड्याळाला असाव्यात.

वेगवान विमान आणलं तर वेळ किती वाचेल, हा पुढचा प्रश्न मुलांनी स्वतः काढला. फारसा नाहीच, कारण वेग वापरायला जागाच नाही. उलट ताशी पाचशेच्या आसपास जाणारं पंख्याचं एटीआर विमान कमी उंचीवर चढतं, त्यामुळे ते वेगाच्या हिशेबात वाटतं तेवढं मागे पडत नाही.

मग तिकिटावरचा दीड तास. तो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा चाकांखाली अडसर लागेपर्यंतचा, ‘ब्लॉक टाइम’. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांग, आणि उशीर सावरायला वर थोडी गाठीची मिनिटं. १५ मिनिटांच्या आत पोहोचलं तर ते वेळेवर धरतात, आणि वर ही गाठीची मिनिटं. मुलीचा हरवलेला अर्धा तास सापडला. त्यातला बराचसा जमिनीवर होता.

तिने वहीत लिहिलं, ‘दादा खरं बोलत होता.’

९ जानेवारी

३४ आणि ३३ हजार फूट का? एकाने ओळखलं, “जाताना सम, येताना विषम.” पूर्वेकडे जाणाऱ्याला विषम हजार, पश्चिमेकडे जाणाऱ्याला सम. समोरासमोर येणारी दोन विमानं अशी आपोआप हजार फूट दूर राहतात. सीताबर्डीच्या चौकात हा नियम लावता येईल का, यावर पाच मिनिटं गेली.

१३ जानेवारी

६१ विरुद्ध ५४. दोन फेऱ्यांवरून सिद्ध काही होत नाही, हे आधी वहीत ठळक लिहायला लावलं. उतरण्याचा क्रम, धावपट्टीची दिशा, वाटेतलं वळण, कशानेही सात मिनिटं इकडची तिकडे होतात. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे आणि मुंबईला बहुतेक वेळा पूर्वेकडून येऊन उतरतात, म्हणून मुंबईकडे जाताना वाट जवळजवळ सरळ पडते, तर परतताना समुद्रावर उडून मग वळावं लागतं. तरीही येताना कमी वेळ लागला, तर वाऱ्याकडे बोट जातंच. हिवाळ्यात त्या उंचीवर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो आणि उत्तर भारतावर त्याचा जोरदार पट्टा असतो. पावसाळ्यात उलट. तेव्हा दक्षिण भारताच्या वर, आणखी उंचावर, पूर्वेकडून वाहणारा झोत येतो. तो पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली मांडला. म्हणजे ऑगस्टमध्ये हाच प्रयोग केला तर मुंबईला जाताना वारा पाठीशी असेल.

मागच्या बाकाने सवाल टाकला. जाताना तोटा, येताना फायदा, मग हिशेब बरोबरीत सुटला न? करून पाहा म्हटलं. विमान ८००, वारा १०० धरा. जाताना ६८३ भागिले ७००, साडेअठ्ठावन्न मिनिटं. येताना ९०० ने, साडेपंचेचाळीस. बेरीज १०४. वारा नसता तर १०२ आणि थोडं. दोघांनी पुन्हा मोजलं, तेच आलं. विरुद्ध वाऱ्यात जास्त वेळ काढावा लागतो, म्हणून तोटा नेहमी थोडा वर राहतो. नदीत होडीचं गणित आठवीपासून करतात, पण विश्वास आज बसला.

२० जानेवारी, मंगळवार

गटाला झिरो माइलला नेलं. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे, रहदारीचा आवाज. दगड १९०७ चा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला, आणि खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं मैलांत. मुंबई त्यात नाही. मुलांना याचा थोडा राग आला.

आज २० तारीख, हे मी मुद्दाम साधलं. ते सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासला सुरू करणारे विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारले. साखळ्या, दुर्बिणी आणि त्रिकोण यांच्यावर एकवीस वर्षं हा माणूस दक्षिणेकडून वर सरकत आला. त्यांच्यामागे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेलं. गटातल्या एकीचं आजोळ हिंगणघाट. “मामाच्या गावाले कोणी सांगितलंच नाही मले.” आम्ही दहा मिनिटांत काढलेलं अंतर त्या माणसाला कसं काढावं लागलं असतं, हे तिथं उभं राहून सांगताना माझाही आवाज जरा बदलला असावा. मुलं चणे खात होती, पण ऐकत होती.

३० जानेवारी, शुक्रवार

मला या प्रकल्पातलं सगळ्यात आवडतं पान हे. बरोबर ७७ वर्षांपूर्वी, ३० जानेवारी १९४९ ला, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किदवाई तेव्हा दळणवळण मंत्री. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून रात्री डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत.

नागपूरच का? मुलांना सूत्र येतंच आता. त्यांनी चारही अंतरं काढली. मुंबई ६८३, दिल्ली सुमारे ८५५, चेन्नई सुमारे ९०८, कोलकाता सुमारे ९८५. एकही हजारावर नाही! फळ्यावर चार आकडे एकाखाली एक आल्यावर कुणी काही बोललं नाही. मग चष्मेवाला म्हणाला, “मग मुंबईचं विमान सगळ्यात उशिरा निघत असन.” वेळापत्रक न बघता, नुसत्या अंतरावरून. डाकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे धरला तर मुंबईहून अडीच तास, कलकत्त्याहून साडेतीनच्या वर. एकाच वेळी भेटायचं तर मुंबईने तासभर दम धरायलाच हवा.

भित्तिपत्रकाचा मधला भाग हा. ज्वालामुखीवाल्यांची जागा कमी करून मागितली आहे.

१२ फेब्रुवारी

पुठ्ठे, दोरा, एलईडी. एलईडी उलटे लावले, चार जळले.

१७ फेब्रुवारी

शेवटचा तक्ता, घर ते मांडव. ४.०५ ते १०.१०, म्हणजे सहा तास पाच मिनिटं. ६८३ ला त्याने भागलं. ताशी ११२ किमी.

समृद्धीवर मोटारीची वेगमर्यादा १२०.

गटात यावर दोन पक्ष पडले. एक म्हणतो, मग गाडीच बरी. दुसरा म्हणतो, आमण्याच्या पुढेही शिळफाटा आहेच, आणि १२० ने कोणी सहा तास न थांबता चालवत नाही. तिसऱ्याचे वडील विदर्भ एक्स्प्रेसचे भक्त. त्यांचा निरोप आला, की संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं, झोप तशीही घ्यायचीच असते, म्हणून प्रवासाचा वेळ शून्य धरा. बराच विचार करून हा आकडाही तक्त्यात घेतला. खाली ‘वडिलांच्या मते’ असं लिहिलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

प्रदर्शन. संत्र्याची फोड लोकांना आवडली, बृहद्‌वृत्ताचा दोरा दोनदा तुटला. टपालाच्या पानापाशी एक आजोबा बराच वेळ उभे राहिले. टपाल खात्यात होते म्हणे. मुलांना म्हणाले, रात्री सोनेगावकडून आवाज आला की आमच्या घरी वडील घड्याळ लावत. मुलांनी विचारलं, किती वाजता? ते हसले, म्हणाले, वेळेवर आलं तर.

बक्षीस दुसरं. पहिलं ज्वालामुखीला.

२ मार्च

पाटी उतरवताना दुसऱ्या बाकावरची मुलगी कॅल्क्युलेटर घेऊन आली. २७ नोव्हेंबरला ‘नंतर पाहू’ म्हटलेलं तिने लक्षात ठेवलं होतं. नवी मुंबईचा विमानतळ, १८.९९ उत्तर, ७३.०७ पूर्व. अंशांची चूक केली नव्हती, मी तपासलं. पाटीवरच्या ६८३ खाली तिने पेन्सिलीने ६६७ लिहिलं आणि विचारलं, तिथून डोंबिवली किती?